शेतांना आवतन

“सूप खाली ठेव आनि मांडवातनं उतर.”

चांगुनाय ओरडून बोलली असती तरी मी सोसलं असतं. पण ती हळूच बोलली, चौकावर तांदळाचं पीठ सोडता सोडता, माझ्याकडे मान वर करूनही न बघता. मांडवात पन्नास बाया बसलेल्या. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

“काय केलं मी?” मी विचारलं.

“तुना ठावं हाय.”

मला ठाऊक होतंच. तरी मी सूप धरून तशीच उभी राहिले, आडमुठी होते ना. तेव्हा तिनं माझ्या हातातून सूप काढून घेतलं आणि शेजारच्या बाईकडे दिलं. मी मांडवाच्या बाहेर आले, चपला पायात घातल्या आणि घरी गेले. वाटेत रडले, ते कुणी बघितलं नाही.

आता मला हार घालतात, माईकसमोर बसवतात आणि विचारतात, “गोमतीताई, तुम्ही चळवळीत कशा आलात?” मी काहीबाही सांगते. खरं सांगायचं तर चळवळीत मी सहज गेले. अवघड होतं ते मांडवात परत जाणं.

आमच्या आगरी लग्नात भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालतो, धवलारीण लागतेच. ती चौक भरते, आणि तेल लावण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं म्हणते. त्या गाण्याला धवला म्हणतात. एकेक धवला अर्धा अर्धा तास चालतो. लिहिलेलं कुठेच नाही, सगळं तोंडी. चांगुनाय आमच्या खारकोंड गावची धवलारीण. कपाळ मोकळं, दात चारच, पण गळा असा की खाडीपलीकडे भात झोडणाऱ्यांचे हात थांबायचे. मी बारा वर्षांची असल्यापासून तिच्या मागे सूप धरून उभी राहिले. ती ओळ टाकणार, मी उचलणार. चौदा वर्षं हेच. तिच्यानंतर मांडव माझा, हे गावानं धरूनच ठेवलेलं होतं.

तिचे नियम कडक. धवला मधे तोडायचा नाही, घराला आग लागली तरी. धवल्यात आवतन दिलं की पाहुणा येईपर्यंत पुढची ओळ घ्यायची नाही. म्हणजे सूर्यदेवाला लग्नाचं आवतन धाडलं, की चौकावर त्याच्या नावाची तांदळाची मूठ पडली पाहिजे, तेव्हा देव आला, मग पुढचा देव. आणि सगळ्यात मोठा नियम, मांडवाशिवाय धवला म्हणायचा नाही.

तोच मी मोडला होता.

त्या वर्षी आमच्या खारीवर एक रसायनाची कंपनी येणार होती. खार म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून हटवलेली भातजमीन. आज्या-पणज्यांनी डोक्यावरून चिखल वाहून घातलेले बांध ते. सरकारनं नोटिसा लावल्या. भालचंद्र कडू म्हणून शाळामास्तर होता, त्यानं सगळ्यांना गोळा केलं. मोर्चे निघाले. त्याच्या घोषणा मला फिक्या वाटायच्या. माणसं “जिंदाबाद” म्हणायची ते फळ्यावरचं वाचल्यासारखं. मग मी एक गाणं बांधलं. आमच्या शेतांना नावं आहेत, लांबोटी, बगळवाट, मोठी आडी, पानखोल, अशी बेचाळीस. ती सगळी नावं घेऊन एकेका शेताला आवतन. चाल कुठली आणणार? चौदा वर्षं गळ्यात मुरलेली एकच चाल होती. तहसील कचेरीच्या फाटकासमोर मी ते म्हटलं आणि बाया अशा काही मागे म्हणायला लागल्या की आतले कारकून पेनं टाकून खिडकीत आले.

तिथे ना मांडव, ना चौक, ना नवरी. तिसऱ्याच दिवशी चांगुनायनं मला उतरवलं.

भालूमास्तर म्हणाला, “अगं, जाऊ दे. म्हातारी जुन्या वळणाची आहे. तुला काय त्या मांडवाचं?”

मी म्हटलं, “तुम्हाला शाळेतून काढलं तर काय वाटेल?”



वैशाखात हसुराम घरताच्या नीराचं लग्न निघालं. नीरा माझ्या चुलत नणंदेची मुलगी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. हळदीच्या दिवशी सगळं गाव हसुरामच्या दारात, आणि मी खारीच्या बांधावर एकटी. मांडवात बायांच्या मागे बसायला मला कुणी नको म्हटलं नसतं. पण चौदा वर्षं पुढे उभी राहिलेली बाई मागे कशी बसणार? मोठा माज होता मला, आता हसू येतं.

भालूमास्तर आणि गावचे चार वडीलधारे पुरुष पहाटेच अलिबागला गेले होते. मोजणी थांबवायचा कोर्टाचा हुकूम त्या दिवशी हातात पडायचा होता. जाताना तो बजावून गेला होता, “कागद येईपर्यंत शेतात साखळी पडता कामा नये. एकदा मोजणी झाली, पंचनामा झाला, की ताबा गेला. मग तो कागद चुलीत घाला.”

दहाच्या सुमाराला मला बांधावरून धूळ दिसली. एक जीप, मागे पोलिसांची गाडी. जीपमधून मोजणीदार उतरला. त्याच्या माणसानं लोखंडी साखळी खाली टाकली, तिचा आवाज मला तिथवर ऐकू आला. हळदीचा दिवस बघूनच आले होते. गाव हळद लावण्यात गुंतलेलं असणार, पुरुष निम्मे पाहुण्यांत, निम्मे झिंगलेले. कुणीतरी त्यांना चांगला सल्ला दिला होता.

मी धावत सुटले. हसुरामच्या मांडवाशी पोचले आणि उंबराच्या डहाळीखाली पाय थांबले. आत चांगुनाय तेलाचा धवला म्हणत होती. मी बाहेरूनच म्हटलं, “आले. मोजनीवाले आले.”

बाया उठायला लागल्या. चांगुनायनं नुसता हात वर केला. धवला तोडायचा नाही. मी बाहेर या पायावरून त्या पायावर नाचतेय आणि ती आपली नीराच्या कोपराला तेल, ढोपराला तेल, पावलाला तेल, एकही ओळ न गाळता. त्या वेळी मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

धवला संपला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “हसुराम, मांडव उपट.”

“काय?” हसुराम म्हणाला.

“बहिरा हायस? चार मेढी उपट, उंबर घे. पोरीची हलद लांबोटीत लागल.”

“शेतात? अगो, पाव्हने काय बोलतील?”

“पाव्हन्यांना बोल, जेवायला उशीर हाय.”

असा मांडव मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पुढे चार माणसं मांडवाचे खांब, त्या चार मेढी, खांद्यावर घेऊन, एकाच्या हातात उंबराची फांदी, मागे डोक्याला मुंडावळ्या, अंगाला तेल, पायात चप्पल नाही अशी नीरा, आणि तिच्यामागे हळदीची वाटी, पाटा, सूप, कलश घेऊन शंभरेक बाया. बेंजोवाले विचारायला लागले, वाजवायचं का? चांगुनाय म्हणाली, “पोटापान्याला वाजवता ना, मंग वाजवा.”

लांबोटी हे खारीतलं पहिलं शेत. मोजणीचा दगड तिथेच. साखळी तिथूनच निघायची. दगडाला लागूनच मेढी रोवल्या, वर चादर ताणली. भेगाळलेल्या जमिनीवर चांगुनायनं चौक भरला. मी मांडवाच्या दोरीबाहेर उभी राहिले.

फौजदार होता शेवाळे नावाचा, देशावरचा. घाम पुसत आला.

“आजी, हे काय चाललंय?”

“लगीन.”

“इथं?”

“नवरीच्या बापाचं शेत हाय. सात-बारा बघा. दारात मांडव घालतंव, औंदा शेतात घातला.”

“आम्हाला मोजणी करायचीय.”

“करा की. हलद लागली की करा.”

“किती वेळ लागेल?”

“धवलं संपंपरेंत.”

“म्हणजे किती?”

“मना घड्याल कलत नाय, बाबा.”

मोजणीदार कुरकुरला, “साहेब, बायांना बाजूला घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.” शेवाळेनं नीराकडे बघितलं. हळद लागायला आलेली मुलगी पाटावर बसलेली. त्याला काय आठवलं कोण जाणे, पण तो म्हणाला, “हळद होऊ दे.” आणि जाऊन बाभळीखाली बसला. त्याला वाटलं असेल, तासाभरात आटपेल.

हळदीचा धवला झाला. उंबराचा झाला. तांदळाचा, पाण्याचा, पाट्यावरवंट्याचा झाला. ऊन डोक्यावर आलं. चांगुनाय सत्तरीची, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. तिची ओळ उचलायला माझ्या जागी उभी असलेली बाई दोनदा चुकली. प्रत्येक चुकीला माझा जीव वरखाली होत होता. दोनला शेवाळे परत आला.

“आजी, मुलीला ऊन लागतंय हो.”

नीराच बोलली, “मना नाय लागत. हलद गार असते.” तोंड उन्हानं लाल झालेलं, पण पोरगी पाटावरून हलली नाही.

मग देवांचं आवतन निघालं. सूर्याला, चंद्राला, खाडीला, गावदेवीला, बापुजी देवाला, गेलेल्या पितरांना. एकेकाच्या नावानं तांदळाची मूठ. तीन वाजले. शेवटचा देव येऊन बसला आणि चांगुनाय गप्प झाली.

खारीत एकदम शांत झालं. बेंजोवाल्यांनीही हात थांबवले. मी रस्त्याकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. शेवाळे उठला, पँट झाडली. त्यानं मोजणीदाराला खूण केली. त्या माणसानं साखळीचं टोक उचललं. मला वाटलं, संपलं. बापानं, आज्यानं घातलेला बांध आज माझ्यासमोर जाणार आणि मी दोरीबाहेर उभी राहून बघणार.

“थांबा,” चांगुनाय म्हणाली. “एक आवतन राह्यलं.”

“आता कुणाचं?” शेवाळे म्हणाला.

“जिच्यात मांडव घातला तिचं. जमिनीचं. सगल्या देवांना बोलावलं नि हिला इसरलंव. लगीन लागायचं नाय असं.” मग ती माझ्याकडे वळली. “पन त्यो धवला मना येत नाय. गोमी, तुना येतं. आत ये.”

मी म्हटलं, “तू मना उतरवलंस.” बघा, त्या वेळीसुद्धा माझी जीभ सरळ चालेना.

“चपला भाईर काढ नि आत ये.”

मी चपला काढल्या. आत गेले. तिनं माझ्या हातात सूप दिलं. तहसीलच्या फाटकाशी म्हटलेलं गाणं मी चौकापुढे म्हणायला घेतलं.

*आवतन धाडा गो लांबोटी शेताला,*
*येवाचं हाय तुना नीराच्या लग्नाला.*

पुढच्या शेताची ओळ घेणार तोच चांगुनायनं माझा दंड धरला. “कवरी घाई? पाव्हना नाय आला अजून.” आणि हसुरामच्या बायकोला म्हणाली, “जा गो, तुज्या शेतातलं ढेकूल आन. चौकावं ठेव.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बेचाळीस शेतं. काही इथेच, तर काही पार खाडीच्या तोंडाशी. प्रत्येक शेताचं नाव घ्यायचं, त्या घरच्या बाईनं चालत जायचं, आपल्या शेतातलं मातीचं ढेकूळ आणायचं, चौकावर ठेवायचं आणि मगच पुढची ओळ. नियम तिचाच होता, जन्मभर पाळलेला. एक अक्षर तिनं मोडलं नव्हतं.

बायाही अशा पक्क्या, की कधी नव्हे त्या सावकाश चालायला लागल्या. एकीचा पाय मुरगळला. एक अर्ध्या वाटेवरून परत आली, शेत चुकलं म्हणून. चाळीस वर्षं त्याच शेतात लावणी करणारी बाई. मोजणीदार चिडला, “साहेब, ही नाटकं आहेत.” शेवाळे घड्याळ बघत होता, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्याच्या मिशीखाली हसू होतं. “लग्न आहे त्यांचं,” एवढंच तो म्हणाला.

एकोणिसाव्या शेताशी मी अडले. पानखोल. माझ्या बापाचं शेत. मोर्च्यात ही ओळ मी दहा वेळा म्हटली होती, मूठ वर करून. पण मांडवात उभं राहून, हातात सूप धरून, लग्नाचं आवतन म्हणून ती ओळ जिभेवर आली आणि तिथेच राहिली. उधाणात बांध फुटला तेव्हा बाप कमरेभर पाण्यात रात्रभर उभा राहिला, त्या तापातच गेला. माझ्या लग्नाला तो नव्हता. त्याला आवतन द्यायचं राहूनच गेलं होतं. मी तोंड उघडत होते आणि आवाज फुटत नव्हता. शेवाळेची मान वर झाली. धवला तुटला तर हळद संपली.

आणि माझ्या शेजारून, थकलेल्या, फाटलेल्या आवाजात ओळ आली.

*आवतन धाडा गो पानखोल शेताला,*
*बाप माजा उभा तितं कमरंभर पान्याला.*

चांगुनाय म्हणत होती. माझं गाणं. जे तिला येत नव्हतं, ते. माझ्या बापाची ओळ, शब्द न शब्द. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं कोपरानं मला ढोसलं, “उचल.” मी उचलली.

पानखोलचं ढेकूळ माझी आई घेऊन आली.

पस्तिसाव्या शेताला भालूमास्तर बांधावरून धावत येताना दिसला. सदरा सुटलेला, हातात कागद. शेवाळेनं कागद उभ्यानंच दोनदा वाचला, घडी केली, खिशात घातला. मोजणीदाराला म्हणाला, “गुंडाळा.” मग मांडवाशी आला.

“आजी, झालं. आता थांबलात तरी चालेल.”

चांगुनाय म्हणाली, “तुमचं झालं असल. आमचं सात पाव्हने यायचं हायेत.”

तो थांबला. सातही ढेकळं चौकावर येईपर्यंत, टोपी काखेत धरून, मांडवाबाहेर उभा राहिला. जाताना हसुरामनं त्याला जेवायचा आग्रह केला. तो नको म्हणाला, पण नीराच्या हातावर आहेर म्हणून काहीतरी ठेवून गेला.

परतताना मी म्हातारीचा हात धरला होता. तिला चालवत नव्हतं.

“तुना माजं गानं कसं येतं?” मी विचारलं.

“फाटकाभाईर सुकटीची टोपली घेऊन कोन बसलेली? मीच ना. तू मोर्च्यात बोंबलतंस, मी सुकट इकताना आयकतंय. तीन मोर्चं आयकलं.”

“मंग मना उतरवलंस कशाला? गानं येवरं आवडलेलं तर?”

ती थांबली. दम घेतला. “मांडवाशिवाय म्हनलंस, म्हनून उतरवलं. गानं वायट म्हनून नाय. तवा तुना मांडव न्हवता. आज दिला.”

पुढे पाच वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारात तिनं मला उशाशी बसवून सगळे धवले क्रमानं म्हणवून घेतले, कुठला कशानंतर. तेलाचा, हळदीचा, उंबराचा, पाण्याचा, देवांचा. मी थांबले तशी ती चिडली. “नि जमिनीचा? त्यो कोन म्हननार, तुजा मास्तर?”

कंपनी आली नाही. खटला नऊ वर्षं चालला आणि कंपनीच दुसरीकडे गेली. पण जमीन राहिली असंही नाही. पुढे भाव आले, मुलं मोठी झाली, एकेकानं विकली. पानखोल माझ्या भावानं विकलं. मी त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाही, मग बोलले. काय करणार, भाऊ आहे.

गेल्या माघात नीराच्या नातीची हळद होती. हॉल लांबोटीतच आहे, वातानुकूलित. कुठे दगड होता ते मलाही आता दाखवता येत नाही. धवलारीण म्हणून वीस-बावीसची पोरगी आली होती, पनवेलची, दर्शना नाव, कानाला माईक लावलेली. गळा चांगला होता. मी मागे खुर्चीवर बसले होते. देवांचं आवतन झालं आणि तिनं ओळ टाकली.

*आवतन धाडा गो लांबोटी शेताला...*

मी खुर्चीत पुढे सरकले. ओळी मधल्या काळात थोड्या बदललेल्या, घासून गुळगुळीत झालेल्या. ढेकळं कुठली, प्लास्टिकच्या पिशवीतली कुंडीची माती होती. पण एकेका नावाला मूठ पडत होती, आणि ती पडेपर्यंत पोरगी पुढची ओळ घेत नव्हती. एक मूठ पडेपर्यंतच्या वेळात ती माझ्याजवळ आली.

“आजी, तुम्हाला येतो का हा धवला? फार जुना आहे. कुणी बांधला ते कुणालाच माहीत नाही. येत असेल तर मागून उचला ना, माझ्याबरोबरची आलीच नाही आज.”

मी म्हटलं, “येतो थोडा थोडा.”

चपला काढल्या आणि चौकाशी जाऊन तिच्या मागे उभी राहिले. तिनं माझ्या हातात सूप दिलं. बगळवाट आलं, मोठी आडी आली. अठराव्या शेतानंतर ती अडली. नाव तिच्या जिभेवर येईना. तिनं ते कधी बघितलेलं नव्हतं, तिचा काय दोष?

मी पुढे वाकले आणि माझ्या बापाला आवतन दिलं.

“उचल,” मी तिला म्हटलं. तिनं उचललं.